पीटर फ्लॉरिक निवडणुकीला उभा का राहतो?

गेल्या अंकात एका वाचिकेला उत्तर देताना मी ‘द गुड वाइफ’ या अमेरिकी मालिकेचा दाखला दिला होता. त्यानंतर टपालात वाटपाचे दावे आणि बांधावरची भांडणं मागे पडली, बहुतेक पत्रं मालिकेचीच आली. तेव्हा या वेळचं सदर तिलाच. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शिकागो ज्या कुक काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिथला मुख्य सरकारी वकील पीटर फ्लॉरिक बाहेरख्यालीपणा आणि भ्रष्टाचार या दोन्ही प्रकरणांत सापडतो आणि तुरुंगात जातो. त्याची बायको ॲलिशिया कितीतरी वर्षं घर सांभाळत असते. दोन मुलांना घेऊन ती पुन्हा वकिलीत उतरते, विल गार्डनर या कॉलेजातल्या मित्राच्या फर्ममध्ये, अगदी खालच्या पायरीवर. २००९ ते २०१६, सात सीझन, १५६ भाग. पुढच्या उत्तरांत शेवटही आला आहे. ज्यांना तो आधी कळायला नको त्यांनी आज हे पान सोडून द्यावं.

देवरुखहून एक शिक्षक विचारतात: सरकारी वकील निवडणुकीला कसा उभा राहतो? माझा मुलगा म्हणतो, हे कथेसाठी रचलेलं आहे. घरात यावरून दोन दिवस वाद चालू आहे.

रचलेलं नाही, सर. इलिनॉय राज्यात प्रत्येक काउंटीचा स्टेट्स ॲटर्नी, म्हणजे मुख्य सरकारी वकील, दर चार वर्षांनी मतदार निवडून देतात. आरोप ठेवायचा की नाही, कोणता ठेवायचा, आरोपीशी तडजोड करायची का, हे सगळं त्याच्या हातात असतं. त्याला पक्षाची उमेदवारी लागते, त्यासाठी आधी पक्षातली प्राथमिक फेरी जिंकावी लागते, देणग्या गोळा कराव्या लागतात, फलक लावावे लागतात. आणि अख्खं शिकागो ज्याच्या अखत्यारीत येतं तो माणूस पुढे गव्हर्नरच्या खुर्चीकडे बघू लागला, तर त्यात नवल नाही.

आपल्याकडे सत्र न्यायालयात सरकारतर्फे उभा राहणारा वकील राज्य सरकार नेमतं. जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांचा सल्ला घेऊन नावांची यादी करतात आणि निदान सात वर्षं वकिली झालेली असावी लागते. खालच्या फौजदारी कोर्टातले सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. यांतल्या कुणालाही मतं मागायला वाडीवाडीतून फिरावं लागत नाही.

हा फरक एकदा डोक्यात बसला की सगळी मालिका वेगळी दिसते. मला ती आवडते ती याच एका गोष्टीसाठी, म्हणून जरा लांबवर लिहिते. त्या मालिकेत प्रत्येक फाइल दोनदा वाचली जाते. एकदा वकील वाचतात, पुरावा काय, साक्षीदार टिकेल का ते बघतात. मग पीटरचा प्रचार सांभाळणारा एलाय गोल्ड वाचतो, आणि तो फक्त मतं मोजतो. पहिल्या सीझनमध्ये ॲलिशिया आणि केरी अ‍ॅगोस या दोन ज्युनिअरांपैकी एकालाच फर्ममध्ये कायम करायचं असतं. ॲलिशिया गुणी आहे, कष्टाळू आहे. पण ती जागा तिला मिळते एलायचं काम फर्मकडे आणून, म्हणजे नवऱ्याच्या राजकारणाच्या जोरावर. केरी तिथून उठतो आणि सरकारी वकिलांच्या कार्यालयात जातो. पुढचे कितीतरी भाग तो तिच्यासमोर उभा राहतो तो या एका अन्यायामुळे. सहाव्या सीझनमध्ये तर ती स्वतः स्टेट्स ॲटर्नीच्या जागेसाठी उभी राहते, जिंकते, आणि खुर्चीत बसण्याआधीच मतदान यंत्रांतल्या घोटाळ्याच्या आरोपामुळे तिला पद सोडावं लागतं. तिचाच पक्ष राज्याच्या सिनेटमधलं आपलं दोन तृतीयांश बहुमत वाचवण्यासाठी तिला वाऱ्यावर सोडतो. तिनं गुन्हा केलेला नसतो. कायद्याच्या बाजूनं तिचा खटला मजबूत असतो, आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

तुमच्या मुलाला खरा दाखलाही सांगा. कुक काउंटीच्या खऱ्या स्टेट्स ॲटर्नी होत्या अनिता अल्वारेझ. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिकागोत एका पोलिसानं लक्वान मॅकडोनाल्ड या सतरा वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या. त्याची चित्रफीत नोव्हेंबर २०१५ मध्ये लोकांसमोर आली, आणि त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला तोही त्याच दिवशी. वर्षाहून जास्त काळ गेला होता. मार्च २०१६ च्या प्राथमिक फेरीत मतदारांनी अल्वारेझ यांना घरी बसवलं आणि किम फॉक्स यांना उमेदवारी दिली. मालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला तो त्यानंतर दोनच महिन्यांनी.

कोणती पद्धत बरी, असं विचाराल तर मी आपली म्हणेन. मतांच्या भीतीनं कुणावर खुनाचं कलम लागू नये. मी बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं उभी राहिले आहे, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की दोन्ही पॅनेलची माणसं एकमेकांवर कशा तक्रारी ठोकतात, हे मी दरवेळी पाहते. त्यात तक्रारी तपासून बघणाराही उमेदवार असता तर काय झालं असतं, हा विचारही नको वाटतो. पण नेमणुकीच्या पद्धतीतही सरकार बदललं की सरकारी वकिलांची यादी बदलते, आणि साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, खटला पडला, तर त्याचा जाब विचारायला लोकांच्या हातात काही उरत नाही. शिकागोच्या लोकांच्या हातात निदान एक मत होतं. हे मला बोचतं.

सावंतवाडीहून एक वाचिका: काजोलची हिंदी मालिका त्याच कथेवरची ना? मग ती तितकी का पकडत नाही?

हो, २०२३ साली आलेली ‘द ट्रायल’. काजोलचं काम मला आवडलं. पण तिथे नवरा न्यायाधीश केला आहे. आपल्याकडे निवडून येणारा सरकारी वकीलच नाही, त्यामुळे लेखकांना दुसरं काही करता आलं नसतं. मात्र न्यायाधीश प्रचार करत नाही, त्याच्या घरात एलाय गोल्ड येत नाही. पहिल्या सीझनमध्ये त्यामुळे घरातलं दुःख आणि आठवड्याचा खटला एवढंच उरलं. जे मधलं होतं, कोर्ट आणि पक्ष यांना जोडणारं, ते गेलं. माझ्या मते गोष्ट आपल्याकडे आणायचीच होती तर नवरा जिल्ह्याचा पालकमंत्री करायला हवा होता. मग बघा कसे प्रसंग सुचले असते.

राजापूरहून एक वाचक: सातव्या सीझनमध्ये ॲलिशिया जामिनाच्या कोर्टात मिनिटामिनिटाला एक प्रकरण चालवते. असं खरंच होतं? आणि आपल्याकडे जामीन इतका का रखडतो?

होत असे. आता ते कोर्ट त्या रूपात राहिलेलं नाही, कारण इलिनॉयनं १८ सप्टेंबर २०२३ पासून पैसे भरून जामीन घेण्याची पद्धतच पूर्ण बंद केली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं राज्य. मालिकेत ते भाग २०१५ मध्ये आले, आणि पैसे नाहीत म्हणून आत राहणारी माणसं त्यांनी रांगेनं उभी करून दाखवली. मोठमोठ्या कंपन्यांचे खटले लढलेली ॲलिशिया त्या गर्दीत आरोपीचं नाव विचारायलाही जेमतेम वेळ काढते. सात सीझनमधलं मला सर्वांत खरं वाटलेलं कोर्ट ते.

आपल्याकडची अडचण तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक असेल. जामीन मंजूर होतो, रक्कम पंधरा-वीस हजारांची, आणि मग जामीनदार शोधत फिरावं लागतं. कोकणात जामीनदार म्हणजे सातबारा. चुलता सातबारा घेऊन येतो, तर त्यावर चौदा नावं. आजोबांच्या पश्चात वारस तपास झालेला नाही, निम्मे मुंबईला, दोघे वारलेले, एक बडोद्याला. त्याचा स्वतःचा हिस्सा किती ते कागदावर कुठेच नाही. मग ऐपतीच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालय, आणि मधे शनिवार-रविवार आला की माणूस आणखी दोन रात्री आत. भाऊ परळला किंवा विरारला चांगल्या नोकरीत असतो, पण जामीनदार जिल्ह्यातलाच हवा म्हणून त्याला परत पाठवतात.

याहून वाईट हाल खलाशांचे. मिरकरवाड्याला आणि हर्णैला बोटींवर काम करणारे कितीतरी नेपाळचे आणि परराज्यांतले असतात. आंब्याच्या बागांत राखणीला असतात तेही. बंदरावर मारामारी झाली, चार जणांना उचललं, तर गावच्या पोराला संध्याकाळपर्यंत कुणीतरी सोडवतं. खलाशासाठी बोटमालक आला तर आला.

म्हणून वाचकहो, हे कापून ठेवा. जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्याच कारणावरून त्याला नाकारणं चूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ सालीच सांगितलेलं आहे. मोती राम नावाच्या गवंड्याचं प्रकरण होतं, मध्य प्रदेशातलं. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला जामीनदार म्हणून घेतलं नव्हतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडलं. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर कोर्टानं त्या माणसाला निर्धन समजून जातमुचलक्यावर सोडायचं असतं. हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये आहे, जुन्या कायद्यातही होतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी पुढे जाऊन सांगितलं की जामीन मिळूनही महिनाभर माणूस आत राहिला तर अट सैल करता येईल का, हे कोर्टानं आपणहून बघावं. वकिलानं हे लेखी अर्जात मांडायला हवं. तोंडी बोललं की रोजनाम्यात येत नाही.

गुहागरहून बारावीत शिकणारी एक मुलगी: ताई, आपल्याकडे ज्युरी का नाही? आणि न्यायाधीश हातोडा आपटतात का?

हातोडा नाही गं. आपल्या कुठल्याच कोर्टात नसतो, मालिकावाले उगाच ठेवतात.

ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी सामान्य नागरिकांची मंडळी, मात्र आपल्याकडे होती, आणि तुझ्या जिल्ह्याशी त्याचा संबंध आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांवर १९०८ साली राजद्रोहाचा खटला चालला तो मुंबईच्या उच्च न्यायालयात, न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर, नऊ जणांच्या ज्युरीपुढे. सात युरोपियनांनी दोषी म्हटलं, दोघा पारशांनी निर्दोष. सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षं मंडालेला. ज्युरीत कोण बसतं यावर सगळं कसं फिरतं, हे मालिकेतही तू पाहिलं असशील. तिथे वकील ज्युरीतली माणसं निवडताना जो काथ्याकूट करतात तो त्यासाठीच. पुढे १९५९ साली नौदलातल्या कमांडर नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. त्या खटल्यामुळे ज्युरीवरचा लोकांचा विश्वास आणखी उतरला, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. कायद्याकडे जायचा विचार असेल तर टिळकांचा तो खटला मिळवून वाच. त्यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली होती.

मालवणहून एक आजी: वकीलबाई, त्या बायन घोवाक सोडूक होया होता की नाय? तुमका काय वाटता?

आजी, पहिल्याच भागाच्या शेवटी नाही, तरी दुसऱ्या सीझनच्या अखेरीला कायमचं सोडायलाच हवं होतं. फर्मसाठी तपास करणाऱ्या कालिंदाचं आणि पीटरचं जुनं प्रकरण तिला कळतं तेव्हा. कालिंदा तिची एकुलती एक खरी मैत्रीण, आणि तिथे नवऱ्यानं दुसऱ्यांदा तिचं घर मोडलं. पण सोडलं तर पीटरची निवडणूक जाते आणि राहिलं तर तिला फ्लॉरिक या नावाचा फायदा मिळतो. हा हिशोब दोघंही करतात, मुलांसमोर जेवताना करतात. तो मला नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणापेक्षा जास्त दुखावतो.

कायद्याचंही एक सांगते. नवराबायकोत लग्न टिकून असताना जे बोलणं झालं, ते कोर्टात उघड करायला दोघांपैकी कुणाला भाग पाडता येत नाही. आपल्याकडे ते पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२२ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८ मध्ये आहे. नवऱ्यानं बायकोवरच गुन्हा केला असेल तर हे संरक्षण नाही. मारहाण सोसणाऱ्या कितीतरी बायका मला विचारतात, ‘घरातलं बोललेलं सांगता येईल का?’ सांगता येतं.

चिपळूणहून एक वाचक: आपल्या वकिलांना फर्म सोडताना असे अशील पळवता येतात का?

पाचव्या सीझनमध्ये ॲलिशिया आणि फर्ममध्ये परत आलेला केरी आपली वेगळी फर्म काढतात तेव्हा जी पळापळ होते ती इथे कठीण. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, काम मागत फिरता येत नाही. अशील स्वतःहून मात्र कधीही वकील बदलू शकतो. तो भाग कथा म्हणून सातही सीझनमधला सर्वांत चांगला, याबद्दल माझं दुमत नाही.

लांज्याहून एक वाचिका: ते लोक निकाल लागला की लगेच वरच्या कोर्टात उभे. आपल्याला मात्र मुंबई.

आता मुंबई नाही, ताई. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं फिरतं खंडपीठ कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. रात्रीची गाडी, पहाटे दादरला उतरणं, कागद छातीशी धरून लोकल पकडणं, आणि दुपारी कळणं की प्रकरण आज बोर्डावर येत नाही: हे माझ्या कितीतरी अशिलांनी सोसलं आहे, आणि त्यातल्या म्हाताऱ्यांनी तर खर्चाच्या भीतीनं अपीलच सोडून दिलं. आंबा घाट चढून दुपारपर्यंत परत येता येईल असं नाही, पण संध्याकाळी घरी पोचता येतं. तुमचं अपील जुनं असेल तर ते कोल्हापूरला वर्ग झालं का, हे आधी वकिलांना विचारा.

दापोलीहून एक निवृत्त बँक अधिकारी: शेवटच्या भागात फर्मची मोठी भागीदार डायन ॲलिशियाच्या थोबाडीत मारते. आमच्या फिरायला जाणाऱ्या मंडळींत यावर दोन तट पडलेत. तुम्ही कोणाच्या बाजूनं?

डायनच्या, आणि पूर्णपणे.

पहिल्या भागात पत्रकार परिषद होते, ॲलिशिया नवऱ्याचा हात धरून उभी राहते आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये त्याला थोबाडीत देते. शेवटच्या भागात पुन्हा तशीच पत्रकार परिषद, पीटर वर्षभराच्या प्रोबेशनची, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची, तडजोड करून गव्हर्नरपद सोडतो, आणि या वेळी मार खाते ती ॲलिशिया. पीटरवर जुन्या खुनाच्या खटल्यातला पुरावा दडपल्याचा आरोप असतो. डायन त्याच्या बचावाला उभी असते. डायनचा नवरा कर्ट बंदुका-गोळ्यांचा तज्ज्ञ, त्याची साक्ष पीटरला अडचणीत आणणारी. ॲलिशियाच्या सांगण्यावरून तिची सहकारी वकील लुका क्विन उलटतपासणीत कर्टचं एका सहकारी बाईशी असलेलं प्रकरण उघड करते, भर कोर्टात, डायनच्या डोळ्यांदेखत.

तुमच्यातला जो तट म्हणतो की वकिलानं अशिलासाठी हे करायलाच हवं, त्यांचं अर्धं बरोबर आहे. साक्षीदाराच्या हेतूवर बोट ठेवणं हे बचावाचं काम आहे. पीटर माझा अशील असता तर तो प्रश्न मीही विचारला असता. पण डायन त्याच टेबलाशी बसलेली होती. जिचा नवरा विरुद्ध बाजूनं साक्ष देणार, तिनं त्या खटल्यात राहूच नये, आणि ती राहिली असेल तर बाकीच्यांनी तिला आधी सांगायचं: आम्हाला कर्टवर हल्ला करावा लागेल, तू बाजूला हो. कोर्टाकडे एक दिवस मागायचा. इतकी साधी गोष्ट कुठल्याही तालुका कोर्टातला चार वर्षं वकिली केलेला मुलगा करेल. ॲलिशियानं तो दिवस मागितला नाही, नवऱ्याच्या सुटकेपुढे तिला डायनची पर्वा उरली नव्हती, आणि सात सीझनमध्ये तिच्या दुसऱ्या कुठल्याही वागण्याचा मला इतका राग आला नाही.